सही माहीच आहे

तायडे,

मागच्या महिन्यात अकोल्याला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी दुसऱ्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीवर बसलो होतो. समोर तुमचा हार घातलेला फोटो होता, तो चष्म्याची एक काडी जरा वाकडी असलेला. त्रिशरण-पंचशील झालं आणि लोक एकेक करून बोलायला उठले. शेवटी एक म्हातारे मास्तर उठले, चांदूर रेल्वेच्या बाजूच्या त्या गावचे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या काही पोरींची लग्नं अजून जमायची आहेत, आणि नाव छापलेलं तुम्हाला आवडलं नसतं.

मास्तर म्हणाले, "तायडे साहेबांच्या हातून आमच्या गावच्या पाण्याच्या तपासणीत चूक झाली, हे खरं हाय. पण माणूस पाहा. आपल्या पायानं गावात आला. शाळेच्या ओट्यावर उभा राहून हात जोडले त्यानं. असा माणूस आता कोठी भेटते?"

सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. तुमची स्तुती चालली होती आणि त्या स्तुतीत माझं खोटं बसलेलं होतं. माझ्या खुर्चीपासून माइकपर्यंत दहा पावलं असतील. मी उठलो नाही. पुढच्या माणसानं पाण्याचा ग्लास दिला, तो प्यायलो आणि बसून राहिलो.

म्हणून आता लिहितो. आपणहून लिहितो असा दावा करत नाही. तुमच्या मुलीनं, सुजातानं मागितलं म्हणून लिहितो. स्मरणिका तीच काढते आहे.

ज्यांना आपलं काम ठाऊक नाही, तेही हे वाचतील. म्हणून थोडं सांगतो. अमरावतीच्या आपल्या प्रयोगशाळेत गावोगावच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांतून यायचं. मी तिथला प्रमुख होतो, तुम्ही प्रयोगशाळा सहायक. पाण्यातला फ्लोराइड मोजायचं एक यंत्र आपल्याकडे होतं. खोल बोअरच्या पाण्यात हा क्षार उतरतो. थोडा असला तर बिघडत नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेला, की वाढत्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि फार वर्षं पोटात गेला तर माणसाचे सांधे धरतात. यंत्राची काळी दांडी पाण्यात बुडवली की आकडा दिसायचा, पण तो नुसता मिलिव्होल्टचा आकडा. त्याचा अर्थ यंत्राला ठाऊक नसायचा. तो आधी शिकवावा लागायचा. ठाऊक असलेल्या ताकदीची द्रावणं आपण बनवायची, एकचं, दोनचं, पाचचं, दहाचं. एकेकात दांडी बुडवून यंत्राला सांगायचं, की हे एक, हे दोन. त्यानंतर ते अनोळखी पाण्याबद्दल बोलणार. आम्ही सगळे याला कॅलिब्रेशन म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "मशीनले पाढे शिकवून राहिलो."

एकदा मी घाई केली तेव्हा तुम्ही हातातलं काम न सोडता म्हणालात, "मशीन आंधळं हाय साहेब. आपण ज्याले एक म्हणू त्यालेच ते एक म्हणन. खोटं शिकवलं तर लय इमानदारीनं खोटं सांगन."

तुमचं द्रावण बनवणं मी कितीतरी वेळा दारातून पाहत उभा राहिलो आहे. सोडियम फ्लोराइडची पांढरी भुकटी आदल्या दिवशी ओव्हनमध्ये वाळवून ठेवलेली असायची. वजन करताना तुम्ही पंखा बंद करायचात, खिडकी लावायचात आणि श्वाससुद्धा मान वळवून बाजूला सोडायचात. फ्लास्कात पाणी खुणेपर्यंत भरताना गुडघे वाकवून डोळा खुणेच्या बरोबरीला आणायचात. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं, काचेच्या नाही. "हे काच खाणारं पोट्टं हाय," असं तुम्ही नव्या माणसांना सांगायचात. आणि जुनी बाटली कधी लगेच सांडायची नाही. आधी नवं आणि जुनं दोन्ही यंत्राला दाखवायचं, आकडे जुळले तरच नवं वापरायला काढायचं. "जुन्याले इचारल्याशिवाय नव्याले कामावर घ्याचं नाई."

शेवटी लेबल. द्रावणाचं नाव, ताकद, तारीख आणि त्याखाली तुमची पूर्ण सही, प्र. ना. तायडे, शेवटच्या अक्षरामागे एक लांब रेघ. लेबल दोन बोटांचं. त्यात ती सही मावायची नाही, रेघ बाटलीवर जायची.

मी म्हणालो होतो, "तायडे, नुसतं प्र. ना. लिहा ना. एवढी मोठी सही कशाला? जमिनीची विक्री करून राहिले का?"

तुम्ही हसलात. मग म्हणालात, "साहेब, बार्शीटाकळीकडं आमच्या गावात एक इहीर होती. माह्या आजाले तिच्या ओट्यावर पाय ठेवू देत नव्हते. मागच्या महिन्यात त्याच इहिरीचा नमुना आपल्याकडं आला. मी सही केल्याशिवाय त्या गावात आता कोणाले ते पाणी पेता येत नाई. मंग सही मोठीच कराव ना."

तुम्हीच विषय बदललात. माझं गाव खारपाणपट्ट्यातलं, खाऱ्या पाण्याचं, आणि ही तुमची आवडती चेष्टा होती. "तुमच्या गावच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाई साहेब. म्हणूनच तुमी लोक असे कडक." दुपारी डबा उघडताना तुम्ही मला कितीदा विचारायचात, "आज शिजली का डाळ?"

त्या वर्षी आपला एक लिटरचा फ्लास्क मानेला तडकला. नवा मागवला होता, पण कागद कुठंतरी अडकला होता. तुम्ही अर्ध्या लिटरच्या फ्लास्कात काम चालवू लागलात. पुस्तकात एका लिटरला दोनशे एकवीस मिलिग्रॅम भुकटी लिहिली होती, म्हणून तुम्ही निम्मीच मोजायचात. आणि त्या फ्लास्कच्या मानेभोवती जखमेला लावतात तशी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर निळ्या शाईनं लिहिलं होतं : अर्धं.

तपासणीचं पथक येणार होतं. मी सगळी मांडणी बघत फिरत होतो. पट्टी दिसली.

"हे काय तायडे? फ्लास्कले काय जखम झाली का?"

"राहू द्या साहेब. ते माह्यासाठी नाई. दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर म्हणून हाय."

"दुसरं कोण हात लावते इथं? ही प्रयोगशाळा हाय, किराणा दुकान नाई," असं म्हणून मी ती पट्टी माझ्या नखानं सोलून काढली. तुमच्या समोर. गोळी करून डब्यात टाकली. तुम्ही स्पिरिटच्या बोळ्यानं मानेवरचा चिकटा पुसून घेतलात.

तीन दिवसांनी सकाळी अकोल्याहून फोन आला. वहिनींना दवाखान्यात नेलं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि पहिलंच बाळंतपण. तुम्ही माझ्या दारात उभे राहिलात. रजेचा कोरा अर्ज हातात होता. मी म्हणालो, "अर्ज-बिर्ज राहू द्या. निघा. आल्यावर मस्टरवर सही मारा, मी पाहून घेतो." तुम्ही पहिल्यांदाच माझा हात हातात घेतलात. मी फार मोठं काम केलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पथक येणार, आणि द्रावणाच्या बाटलीवरची तारीख जुनी झालेली. मी ती बाटली सांडली, विसळली आणि नवं द्रावण स्वतः बनवलं. दोनशे एकवीस मिलिग्रॅम मला तोंडपाठ होते. हातातला फ्लास्क अर्ध्या लिटरचा आहे, हे डोळ्यांना दिसत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत, आणि त्या एकत्र आणणारी पट्टी मी सोलून टाकली होती. द्रावण दुप्पट ताकदीचं झालं. जे खरं दोन होतं, ते यंत्राला मी एक म्हणून शिकवलं. म्हणजे त्यापुढं पाण्यात जेवढा फ्लोराइड होता, त्याच्या निम्मा ते सांगणार. लेबलावर नाव आणि तारीख लिहिली. लेबलावर आणि नोंदवहीत सहीची जागा तुमची असायची, म्हणून दोन्हीकडं मोकळी सोडली. त्या दिवशी मी अकरा नमुने तपासले. अहवाल संध्याकाळच्या टपालानं गेले.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पेढ्यांचा खोका घेऊन आलात. पण आधी माझ्याकडं नाही, यंत्राकडं गेलात. थोड्या वेळानं खोका तसाच काखेत धरून माझ्या टेबलापाशी आलात.

"साहेब, आकडा अठरानं सरकला."

ताकद दुप्पट झाली की ते यंत्र अठरा मिलिव्होल्टनं सरकायचं. हे तुम्हालाही पाठ होतं आणि मलाही.

"जुनं द्रावण कोठी हाय?"

"सांडलं."

"नवं कोणं बनवलं?"

"मी."

तुम्ही फ्लास्कच्या उघड्या मानेकडं पाहिलंत. तेव्हा दोन शब्द लागतील असे बोलला असतात, तर बरं झालं असतं तायडे.

"किती नमुने झाले?"

"अकरा. रिपोर्ट गेले."

"वापस बोलवा लागन साहेब."

"पाहतो," मी म्हणालो.

मग तुम्ही खोका उघडलात. "मुलगी झाली," म्हणालात. पहिला पेढा मला दिलात आणि मी तो खाल्ला. तुम्ही मस्टर उघडून दोन्ही दिवसांच्या चौकटींत सह्या केल्यात, त्याच लांब रेघेच्या.

तुम्ही गेल्यावर मी एका पाकिटाच्या पाठीवर अकराही आकडे दुप्पट केले. दहा नमुने दुप्पट होऊनही दीडच्या आत राहत होते. एक नव्हता. नव्या बोअरचा नमुना होता तो. अहवालात एक पूर्णांक तीन, म्हणजे खरं दोन पूर्णांक सहा. एका गावाला एक पत्र लिहायचं होतं, एवढंच काम. पण पथकानं आदल्या दिवशीच शेरा लिहिला होता, 'काम समाधानकारक'. त्या शेऱ्याची शाई वाळायच्या आत, मीच बनवलेलं द्रावण चुकलं असं कोणत्या तोंडानं लिहू? चार दिवस जाऊ दे म्हटलं. चार दिवस गेले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "साहेब, ते एक पॉइंट तीनवालं?"

"पत्र पाठवलं," मी म्हणालो.

पत्र पाठवलं नव्हतं. ही ओळ मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही, माझ्या बायकोलाही नाही. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि कामाला लागलात. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास होता, म्हणून तुम्ही पुन्हा विचारलं नाही.

सहा वर्षं गेली. त्या गावच्या शाळेत मास्तरांच्या लक्षात आलं, की दुसरी-तिसरीतल्या पोरांचे नवे आलेले दात डागाळलेलेच येतात. त्यांनी पाणी दुसरीकडं तपासून घेतलं. दोन पूर्णांक सहा. आपला अहवाल एक पूर्णांक तीन. बरोबर निम्मं. बोअर बंद झालं, पंपाला लाल रंग फासला गेला आणि बाहेरून एक अधिकारी चौकशीला आले.

ते माझ्याच खुर्चीत बसले. जुनी नोंदवही काढली. त्या तारखेला 'द्रावण तयार करणार' हा रकाना कोरा होता. त्यांनी मला विचारलं, "द्रावणं कोण बनवतं?"

मी म्हणालो, "तायडे बनवतात."

"त्या दिवशी ते हजर होते?"

"मस्टरवर सही आहे."

पहिलं वाक्य खरं होतं आणि दुसरंही. दोन्ही मिळून जे झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला आत बोलावलं गेलं. अधिकाऱ्यांनी मस्टर तुमच्यापुढं सरकवलं. तुम्ही आधी तारीख पाहिलीत. ती तारीख तुम्ही विसरणं शक्य नव्हतं. मग माझ्याकडं पाहिलंत. किती वेळ, ते सांगता येत नाही. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

"ही सही तुमची आहे?"

"सही माहीच आहे साहेब," तुम्ही म्हणालात.

खरं सांगितलं असतं, तर खोट्या हजेरीसाठी दोघांचीही नोकरी गेली असती. तुमच्या घरी सहा वर्षांची पोर होती. मला निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. हा हिशेब तुम्ही उभ्या-उभ्या केला असेल. आणखी एक गोष्ट लिहितो, कारण तीही तिथं घडली. अधिकाऱ्यांनी तुमचं पूर्ण नाव वाचलं, वर तुमच्याकडं पाहिलं आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. त्यांना हवं ते मिळाल्यासारखं झालं. माझ्या आडनावाला, माझ्या हुद्द्याला एकही प्रश्न आला नाही. मला ते स्पष्ट दिसलं. ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी न दिसल्यासारखं केलं.

ते गेल्यावर तुम्ही व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. एकच शब्द विचारलात.

"काहून, साहेब?"

मी म्हणालो, "वरून दबाव होता." वरून कोणीही काही म्हटलं नव्हतं.

तुम्हाला ठपक्याचं पत्र मिळालं. अकोल्याला बदली झाली, साठ्याच्या खोलीत. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'यापुढे यांना द्रावणे तयार करण्याचे काम देऊ नये.' मी ते टंकलेखकाच्या खांद्यावरून वाचलं होतं. पूर्ण नाव सही करणाऱ्या माणसाला सांगितलं गेलं, की तुझी सही आता कोणत्याही बाटलीवर नको. नऊ वर्षं तुम्ही रिकाम्या बाटल्या मोजून दिल्यात आणि मोजून घेतल्यात.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी यंत्राच्या खोलीत गेलो. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कच्या मानेवर नवी चिकटपट्टी होती. निळ्या शाईत 'अर्धं'. एक लिटरचा नवा फ्लास्क येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, तुमच्यानंतर या अर्ध्या लिटरच्या फ्लास्कला फारसं कोणी हातही लावणार नव्हतं. तरी जाता जाता तुम्ही ती लावलीत. मी निवृत्त झालो तोपर्यंत ती तशीच होती. रोज बघत होतो.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो, बडनेऱ्याच्या फलाटावर. तुम्ही निवृत्त झाला होतात. तुम्हीच चहा आणलात. मी म्हटलं, "पैसे मी देतो," तर तुम्ही म्हणालात, "राहू द्या साहेब, तुमच्या चहात साखर विरघळते का पाहा आधी." मी हसलो. मग तुम्ही विचारलंत, "मशीनले आता कोण शिकवते?"

"मीही निवृत्त झालो तायडे. कोणी नवीन पोरगी आहे म्हणे."

"जुन्याले इचारते का ती?"

"माहीत नाही."

गाडी यायला पंचवीस मिनिटं होती. पंचवीस मिनिटांत सगळं सांगून झालं असतं. मी तुम्हाला माझ्या गुडघेदुखीबद्दल सांगितलं. गाडी आली तेव्हा तुम्ही माझी पिशवी डब्यात चढवून दिलीत. खिडकीशी येऊन थांबलात. मी बोलेन याची तुम्ही वाट पाहत होतात, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "या कधी अमरावतीला." गाडी हलली.

आता त्या कार्यक्रमाच्या दिवसाचं सांगतो. कार्यक्रम संपला, लोक जेवायला गेले. सुजाता खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडं आली. तिला मी तान्ही असतानाही पाहिलं नव्हतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे तिच्याच तोंडून कळलं. चेहरा वहिनींचा आहे तायडे, पण समोरच्याकडं बघायची तऱ्हा तुमची. तिच्या हातात ठपक्याचं पत्र होतं.

"काका, बाबांच्या पेटीत सापडलं. यात लिहिलंय, बाबांनी या तारखेला द्रावण चुकवलं. तारीख वाचा."

मी चष्मा पुसायला काढला.

"माझी जन्मतारीख आहे काका. त्या दिवशी बाबा अकोल्यात दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, असं आई दर वर्षी सांगते. बाबा एकाच दिवशी दोन ठिकाणी कसे असतील? तुम्ही तिथले साहेब होतात. तुम्हीच सांगा."

सांगितलं. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता, आणि आम्ही दोघं ज्यांवर बसलो होतो त्या दोनच शिल्लक राहिल्या, तोपर्यंत सांगत होतो. पट्टी, फ्लास्क, अकरा नमुने, न पाठवलेलं पत्र, दोन खरी वाक्यं. शेवटी ती म्हणाली, "हे बाबांना सांगायचं होतं ना. मला सांगून काय उपयोग?"

खरंच काय उपयोग?

"आईला तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि मला आत घेऊन गेली.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी खाली सतरंजीवर बसलो. दोन वाक्यं झाली असतील, तोच त्यांनी हात वर केला.

"मले मालूम हाय भाऊ. तवाच मालूम होतं. मी म्हटलं त्याईले, सांगून टाका जे हाय ते. तर म्हणे, सही माहीच हाय, आता कोणाच्या नावानं रडू?" मग त्या म्हणाल्या, "पण तुमची वाट पाहे ते. दर साली पोरीच्या वाढदिवसाले म्हणे, आज गावंडे साहेब येतीन का? पेढे जरा जास्त आणे. एक वेगळा काढून ठेवे. संध्याकाळी मंग स्वतःच खाऊन टाके."

तायडे, मला कोणी मारलं असतं तरी मी एवढा खाली बसलो नसतो.

सुजाता दाराशी उभी होती. म्हणाली, "लिहून द्या. जसं मला सांगितलं तसं. सहीसकट. मी छापते, आणि त्या गावात स्वतः नेऊन देते."

मी म्हणालो, "गावात आधी मला जाऊ दे बेटा."

मागच्या रविवारी गेलो. सुजाता सोबत होती. शाळेच्या त्याच ओट्यावर मास्तरांनी वीस-पंचवीस माणसं जमवली होती. तुम्ही जिथं हात जोडले होते, तिथं मी उभा राहिलो. ऊन होतं, गुडघे दुखत होते. मी सांगितलं, की तायडेंनी तुमची माफी मागितली ती माझ्या चुकीची. ते त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हतेच. चूक कळल्यावर पत्र पाठवा म्हणणारेही तेच होते.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. मास्तर चष्मा काढून हातात धरून बसले. मागून एक बाई उठली, अठ्ठावीस-तीसची असेल. पदराचं टोक तोंडासमोर धरून बोलत होती. तो तिचा लाजरेपणा नव्हता. शाळेत असल्यापासून लागलेली सवय होती.

"तायडे साहेबांनं तर सांगतलं होतं का चूक माही हाय. ते गेले. इतकी सालं झाली. आता तुमी काहून आले?"

काहून. तोच शब्द तायडे. व्हरांड्यात तुम्ही विचारलात तेव्हा मी खोटं बोललो होतो. आता वरून दबाव होता असं म्हणायला कोणी उरलं नव्हतं, आणि बघायला खिडकीही नव्हती. मी म्हणालो, "मी भ्यालो होतो. दुसऱ्याच्या नावावर गेलं तर चालून जाईल, हे मला माहीत होतं. म्हणून जाऊ दिलं."

ती खाली बसली. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि कोणी म्हणावं अशी माझीही अपेक्षा नव्हती. परत येताना गाडीत सुजाता एकदाच बोलली. "बाबा असते तर म्हणाले असते, आज शिजली का डाळ?" तिला ही चेष्टा ठाऊक होती. म्हणजे घरी तुम्ही माझ्याबद्दल बोलत होतात. रागानं नाही, चेष्टेनं. मी तोंड खिडकीकडं वळवलं.

जिथं ती नोंदवही असेल, तिथं मी सहीनिशी जबाब पाठवला आहे. एवढ्या जुन्या वहीत आता काही लिहिता येत नाही, असं उत्तर येईल, कदाचित येणारही नाही. म्हणून तो कोरा रकाना मी इथं भरतो, तुम्ही भरायचात तसा, पूर्ण नावानं.

द्रावण : सोडियम फ्लोराइड, कॅलिब्रेशनसाठी.
ताकद : लेबलावर लिहिली त्याच्या दुप्पट.
तयार करणार : मनोहर विठ्ठलराव गावंडे.
शेरा : प्रल्हाद नामदेव तायडे त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हते. मस्टरवरची सही त्यांचीच आहे, ती माझ्या सांगण्यावरून केलेली आहे. ते अकोल्याला होते. त्यांना मुलगी झाली होती.